साबण न लागलेलं भांडं

मी डॉक्टर नाही. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगतो आणि प्रत्येक गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी फोन करून म्हणतं, "डॉक्टर, मासा वाकडा पोहतोय." च्यायला, वाकडा पोहतोय तर पोहू दे की! मी चेंदणीचा कोळी. देवराम माझं नाव. बापानं जन्मभर ठाण्याच्या खाडीत जाळं टाकलं. शेवटी शेवटी जाळ्यात नुसत्या प्लास्टिकच्या पिशव्या यायला लागल्या, तेव्हा मी लोकांच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळायला लागलो. माझी आई, मनुबाई, अजून विचारते, "मासली खावाची का बगाची रं?" चौदा वर्षं झाली, मला उत्तर देता आलेलं नाही.

माजिवड्यापासून डोंबिवलीपर्यंत माझ्याकडे बावीस टाक्या होत्या. आता एकवीस आहेत. बाविसावी मानपाडा रोडला, तिसऱ्या मजल्यावर, बाबुराव आणि शांताबाईंच्या घरी.

टाकी खरं तर त्यांच्या मुलाची, राजरत्नची. ऐरोलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. आपल्या हातानं चार फुटांची टाकी बसवली, दगड रचले, लाईट टांगले. मला फक्त मीठ आणायला सांगायचा आणि मी काही सल्ला दिला की हसून म्हणायचा, "देवरामदादा, तुम्ही खाडीवाले, मी यूट्यूबवाला." राग यायचा मला. पण पोरगा हुशार होता, त्याचं पाणी नेहमी माझ्यापेक्षा चांगलं असायचं.

त्याच्या टाकीत एक कोरल होतं, म्हणजे प्रवाळ. हिरवं, हातोड्यासारख्या टोकांचं, म्हणून त्याला हॅमर म्हणतात. कुठून आणलेलं ते मी विचारलं नाही, कोरलच्या बाबतीत कायदा कडक आहे आणि मला नसत्या चौकशा आवडत नाहीत. आणलं तेव्हा अंगठ्याएवढा तुकडा होता. पाच वर्षांत ओंजळीत मावणार नाही एवढं झालं. दुपारी लाईट लागले की फुलायचं आणि पंपाच्या लाटेवर सगळं मिळून डुलायचं.

दोन वर्षांपूर्वी राजरत्न गेला. एकोणतीस वर्षांचा होता. आधी म्हणाले टायफॉइड, मग म्हणाले डेंग्यू, मग कावीळ निघाली तोवर लिव्हर गेलेलं. अकरा दिवसांत खेळ आटोपला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी गेलेलो. हॉल माणसांनी भरलेला, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लावलेल्या, भन्ते नुकतेच उठलेले. शांताबाई माझ्याजवळ आल्या. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "देवरामभाऊ, हे बंद पडू द्यायचं नाही. काय काय करायचं ते मला शिकवा."

मी शिकवलं. त्यांनी तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली, बाईंचं सगळं शिस्तीत. वहीत लिहून घेतलं. मासे किती वाजता खातात, लाईट कधी लावायचे, कधी बंद करायचे. पंपाचा आवाज बदलला तर मला फोन करायचा, मग मी जेवत असलो तरी चालेल. हॅमरला त्या झाड म्हणायच्या. मी म्हटलं, "ताई, झाड नाही ते. प्राणी आहे. तोंड आहे त्याला. भूक लागते." झालं! त्या दिवसापासून बाई त्याच्याशी बोलायला लागल्या. सकाळी, "उठलास का?" दुपारी, "आज कमी फुललास, काय झालं?" बाबुराव पेपरातून डोकं वर काढायचे आणि परत पेपरात घालायचे. रंगाच्या कंपनीत पॅकिंगला होते ते, रिटायर झालेले, मुळात कमी बोलणारे. मुलगा गेल्यावर होतं तेही बोलणं गेलं. पण दुपारी खुर्ची टाकीसमोर ओढून बसायचे, तेवढं मी पाहिलेलं.

आता माझ्या तोंडाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

खाऱ्या टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. चार फुटांच्या टाकीतून दोन-तीन लिटर सहज. पाणी उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज तेवढंच गोडं पाणी वरून घालायचं. ते घरच्या आरओचं चालतं. गेल्या जूनमध्ये मी गेलो तर पाण्यावर फेस! बादली बघितली तर फरशी पुसायची. माझं डोकंच सटकलं. म्हातारी बाई समोर उभी आहे, तिचा पोरगा गेलाय, काही भान राहिलं नाही मला. ओरडलो, "ताई, साबणाचा एक थेंब पुरतो याला मारायला! घरातलं साबण न लागलेलं एखादं भांडं काढा आणि तेच वापरा. नाहीतर मी या घरात पाय ठेवणार नाही!"

शांताबाई एवढ्याशा झाल्या. "चुकलं भाऊ," म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतलं. मला बरं वाटलं. खरंच सांगतो, बरं वाटलं. एकदा दरडावलं की गिऱ्हाईक नीट वागतं, हा माझा अनुभव.

त्यानंतर दर आठवड्याला मी विचारायचो, "पाणी आरओचंच ना?"

"हो."

"भांडं?"

"साबणाचा थेंब लागला नाही भाऊ त्याला आजवर."

"शाब्बास," मी म्हणायचो. शाब्बास! एकदाही उठून त्या भांड्याकडे बघितलं नाही. त्या पाणी सकाळी घालायच्या, मी जायचो दुपारी.

फेब्रुवारीत फोन आला. "भाऊ, हा नीट उघडत नाहीये."

मी गेलो. हॅमरची टोकं आखडलेली, रंग फिका. मीठ मोजलं, बरोबर. पाण्याची गरमी बरोबर. मी मान डोलावली आणि म्हटलं, "लाईट जास्त होतोय." लाईट चार इंच वर घेतले. पुढच्या आठवड्यात आणखी फिका. मग म्हटलं, कॅल्शियम कमी पडत असेल, ते घालायला लागलो. मग दगडांवरच्या गोगलगायी एकेक करून खाली पडल्या. उलट्या, पाय बाहेर. मी त्या उचलून टाकल्या आणि म्हटलं, म्हाताऱ्या झाल्या असतील. काय तरी बोलायचं म्हणून बोललो. मग पांढऱ्या पट्ट्याची कोळंबी मेली. राजरत्ननं आणलेली, हात पाण्यात घातला की येऊन नखं साफ करायची. शांताबाईंनी ती चमच्यानं बाहेर काढून वाटीत ठेवलेली, मला दाखवायला.

"आणि मासे?" मी विचारलं.

मासे मस्त होते. दोन्ही क्लाऊन, ते केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचे, लठ्ठ, खायला पुढे.

इथे थांबतो जरा. या धंद्यात परवा आलेल्यालाही हे कळतं. कोरल मरतंय, गोगलगाय मरतेय, कोळंबी मरतेय आणि मासा ठणठणीत आहे, तर पाण्यात तांबं आहे. तांबं माशाला बराच काळ सोसतं, या बिनकण्याच्या जिवांना सोसत नाही. पहिलं तेच तपासायचं. मी नवीन लोकांना स्वतः शिकवलंय हे. पण त्या घरात तांबं कुठून येणार? पंप प्लास्टिकचा, नळी प्लास्टिकची, पाणी आरओचं. मी तो विचार केला आणि सोडून दिला. तपासायला पाच मिनिटं लागतात. कसलं काय! मला वाटलं, मला माहीत आहे.

मार्चमध्ये हॅमरचं मांस सांगाड्यावरून सुटायला लागलं. एकेक टोक गळून मागे पांढरं हाड राहायचं. मी आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढलं. पंपाची धार बदलली. शांताबाई बाजूला उभ्या राहून बघायच्या. एकदा शांतपणे म्हणाल्या, "त्याचंही असंच झालं होतं. आज हे, उद्या ते. प्रत्येकजण येऊन नवीन नाव सांगायचा."

मी बाही वर करून हात पुन्हा पाण्यात घातला.

"राहील ना हो हा?" त्यांनी विचारलं. "तेवढं सांगा. बाकी सगळं गेलं तरी चालेल. हा एक राहील ना?"

"राहील," मी म्हटलं. "मी आहे ना."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी कल्याण-शीळ रोडच्या ट्रॅफिकमधून भाजून निघून त्यांच्याकडे पोचलो. जय भीम झालं, मी पंख्याखाली बसलो. हॅमरची सव्वीस टोकं होती, त्यातली तीन उरलेली. शांताबाईंनी पेला आणून हातात दिला.

"घ्या, थंड आहे. त्याच्याच भांड्यातलं."

मी एक घोट घेतला. थंड होतं. पण जिभेच्या कडेला चव आली. सगळ्यांना माहीत आहे ती चव. आजोळच्या पाण्याची.

"ताई," मी म्हटलं, "कुठल्या भांड्यातलं?"

"या ना, दाखवते."

ओट्याच्या कोपऱ्यात तांब्याची कळशी होती. लख्ख. तोंडावर स्वच्छ फडकं बांधलेलं. मी बघत उभा राहिलो आणि बाई बोलायला लागल्या. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना खुशीत बघत होतो.

"आमच्या आजीची आहे ही," त्या म्हणाल्या. "आजीच्या गावात आमच्या लोकांनी तांब्यापितळेचं भांडं घेऊन पाण्याला निघायचं नाही, असा रिवाज होता. मडकंच घ्यायचं. आजी मुंबईला आली, गिरणीत लागली आणि पहिल्या पगारात ही कळशी घेतली. मग ही डोक्यावर घेऊन गावात गेली, भर दुपारी, सगळ्यांच्या देखत. आईनं मला दिली. साबण लावायचा नाही हिला, चिंचच लावायची, अशी आजीची ताकीद. तुम्ही म्हणालात ना, साबण न लागलेलं भांडं? मी ह्यांना म्हटलं, आपल्या घरात असं एकच आहे. रोज सकाळी चिंचेनं घासते, आरओचं पाणी भरून ठेवते आणि दुसऱ्या दिवशी त्याला घालते. राजूला पण लहानपणी हिच्यातलंच पाणी द्यायचे. म्हटलं, ह्यालाही तेच लाभेल."

जूनपासून एप्रिल. रोज दोन-तीन लिटर. पाणी उडून जायचं, तांबं मागे राहायचं.

मी पेला ओट्यावर ठेवला. हात धुवायचे म्हणून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. बॅगेतली तांबं तपासायची कुपी काढली. पंख्याखाली बसायच्या आधी टाकीतलं थोडं पाणी सवयीनं घेतलेलं, ते घातलं, दोन थेंब टाकले. पाणी निळं झालं. एवढं निळं मी कुठल्याही टाकीत पाहिलेलं नाही. कुपी फ्लशमध्ये रिकामी केली.

बाहेर येऊन काय सांगणार होतो मी? ताई, तुम्ही तुमच्या हातानं रोज सकाळी त्याला विष पाजलंत? आजीच्या कळशीनं? मी हिंमतवाला माणूस नाही. ओरडायला हिंमत लागत नाही, ओरडणं माझ्याकडे भरपूर आहे.

"ताई," मी म्हटलं, "ह्याला मी माझ्याकडे घेऊन जातो. माझ्या टाकीत ठेवतो, नजरेसमोर राहील. आणि माशांसाठी मी एक प्लास्टिकचा कॅन आणून देतो, आता पाणी त्यातूनच घाला. कॅन मोजायला सोपा पडतो."

"कळशी नको?"

"नको म्हणजे, कॅनवर लिटरच्या रेघा असतात ना."

त्यांनी वहीत लिहून घेतलं.

हॅमर डब्यात भरून मी चेंदणीला आणलं. आईनं डब्यात डोकावून बघितलं आणि पहिल्यांदाच काही बोलली नाही. चांगलं पाणी दिलं त्याला, पाणी गाळायला कोळसा लावला, लाईट मंद ठेवले. पहिल्या दिवशी एक टोक गेलं, चौथ्या दिवशी दुसरं. शांताबाईंचा रोज फोन. "कसा आहे?" मी सांगायचो, "आहे." शेवटचं टोक नवव्या दिवशी सकाळी सुटलं आणि पंपाच्या धारेत फिरत राहिलं. मी जाळीनं काढलं. तिकडच्या टाकीचीही आशा नव्हती, दगडांनी तांबं शोषून घेतलेलं. ते दगड फेकूनच द्यायचे असतात. म्हणजे राजरत्नच्या हातचं काहीच उरणार नव्हतं.

सांगायला मी स्वतः गेलो. फोनवर नाही सांगितलं, एवढं तरी केलं. रस्ताभर ठरवत गेलो आणि लिफ्टमध्ये ठरलं.

"माझ्या हातून औषध जास्त पडलं," मी म्हटलं. "मार्चमध्ये. तेव्हापासूनच ते खचलेलं. टाकीतही तेच उतरलंय, तिथेही आता कोरल जगणार नाही. चूक माझी आहे."

बाबुराव खुर्चीतून उठले. मी त्यांचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. "चौदा वर्षं, चौदा वर्षं म्हणून मिरवत होता ना? एवढंसं राहिलं होतं आमच्याकडे! तेवढंही सांभाळता आलं नाही तुम्हाला? तोंड वर करून सांगायला येता?" ते माझ्या अंगावर दोन पावलं आले. मला वाटलं मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

शांताबाई टाकीपाशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठलं औषध?"

"आयोडीन."

"पण गोगलगायी तर आयोडीनच्या आधीच मेल्या होत्या," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडे वही होती, मी विसरलो होतो. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मी आणून दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनकडे बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. बाबुरावांनी दार उघडून धरलं, मी खाली आलो.

महिन्याभरानं फोन आला. "भाऊ, मासे घेऊन जा. टाकी पण घेऊन जा. ह्यांना रोज ती अशी अर्धी रिकामी बघवत नाही."

मी टेम्पो घेऊन गेलो. जय भीम म्हटलं. शांताबाईंनी जय भीम म्हटलं, बाबुराव आत निघून गेले. मी दोन्ही क्लाऊन पिशवीत भरले, पाणी उपसलं, दगड पोत्यात टाकले. शांताबाईंनी पेला आणून दिला. पाणी फ्रिजमधल्या बाटलीतलं होतं. पेला घेताना माझं लक्ष आत ओट्याकडे गेलं. कोपऱ्यात कळशीचा गोल डाग तेवढा होता.

"ताई, कळशी?"

"मोडीत घातली."

"आजीची?"

"गळायला लागली म्हणून सांगितलंय ह्यांना." त्यांनी आतल्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मेघनाला, माझ्या भाचीला फोन केलेला मी. म्हटलं, मोबाईलमध्ये बघून सांग, गोगलगाय आधी मरते आणि मासा जगतो, असं कशानं होतं. तिनं दोन मिनिटांत सांगितलं."

"ताई, मीच सांगितलेलं तुम्हाला. साबण न लागलेलं भांडं."

"तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या. "रोज भरून घातलं मी. राजूलाही पाजायचे. आता झोपताना मनात येतं, त्याचं लिव्हर..."

"नाही!" मी ओरडलोच. "ताई, तसं काही नसतं! माणसाला काही होत नाही त्यानं, मी शपथेवर सांगतो. उलट चांगलं म्हणतात लोक."

"तुम्ही तर म्हणाला होतात, हा राहील."

त्या माझ्यावर चिडलेल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. पदरानं त्यांनी टाकीची काच पुसली. आता पुसायची काही गरज नव्हती.

"एक करा भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्यांना औषधाचंच राहू द्या. तुमच्यावर राग आहे त्यांचा, तो तेवढा सोसा. माझ्यावर आला तर आम्ही दोघांनी एका घरात कसं राहायचं?"

मी मान हलवली. तेवढ्यात बाबुराव बाहेर आले. माझ्याकडे न बघता टाकीची दुसरी बाजू धरली. एकट्याला उचलण्यासारखी नव्हतीच ती.

"सावकाश," ते म्हणाले. "एकदा तुमच्या हातून गेलंय सगळं."

"हो काका," मी म्हटलं. "माझ्याच हातून गेलं."

शांताबाई बुद्धमूर्तीपुढची मेणबत्ती सरळ करत होत्या, त्यांनी वळून बघितलं नाही. टाकी टेम्पोत चढवली. दगडांचं पोतं न्यायला मी परत वर आलो, पेला तिथेच टेकवलेला. त्यात निम्मं पाणी उरलेलं, ते उभ्यानंच प्यायलो. त्याला प्लास्टिकचा वास येत होता.